ख्रिस्ती श्रद्धेत देवाला शरीर आहे का? आणि राग, दुःख, पस्तावा यांचं काय?

पिंपळपान

बायबल पहिल्या पानापासून वाचणाऱ्याला हा प्रश्न लगेचच पडतो. उत्पत्ती ३:८ मध्ये परमेश्वर दिवस कलल्यावर बागेत फिरतो. ६:६ मध्ये माणूस घडवल्याचा त्याला अनुताप होतो. निर्गम ३३ मध्ये तर एकाच अध्यायात तीन गोष्टी आहेत. अकराव्या वचनात तो मोशेशी समोरासमोर बोलतो, विसाव्यात म्हणतो की माझं मुख पाहून कोणी जिवंत राहणार नाही, आणि तेविसाव्यात हात काढून पाठ तेवढी दाखवतो. याच्या विरुद्ध योहान ४:२४ म्हणतं, देव आत्मा आहे. आणि लूक २४:३९ मध्ये येशूच सांगतो की आत्म्याला हाडमांस नसतं.

भावनांचं कोडं १ शमुवेल १५ मध्ये सगळ्यात उघडं दिसतं. वचन ११ : शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा झाला. वचन २९ : देव पस्तावायला माणूस नाही. वचन ३५ : देवाला पस्तावा झाला. तिन्ही ठिकाणी हिब्रू क्रियापद एकच आहे, त्यामुळे भाषांतराकडे बोट दाखवून सुटता येत नाही.

एक विनंती. ‘हे सगळं प्रतीकात्मक’ एवढ्यावर गुंडाळू नका. प्रतीक कशाचं, आणि ते कुठं संपतं, ते हवंय.

अक्षरवेल

आधी शरीराचं घेऊ. ‘देवाला शरीर आहे का’ या एका वाक्यात तीन निरनिराळे प्रश्न अडकलेत. ते सुटे केले नाहीत तर दोन्ही बाजू बरोबर असूनही भांडत बसतात.

पहिला प्रश्न ईश्वरी स्वभावाचा, म्हणजे देवत्वाचा. त्याचं उत्तर कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक सर्व प्रॉटेस्टंट मंडळ्या एकमुखाने देतात : शरीर नाही. अँग्लिकन ३९ कलमांतल्या (१५६३, अंतिम रूप १५७१) पहिल्याच कलमात देव शरीर, भाग आणि विकार यांवाचून आहे असं म्हटलंय. वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात (१६४६) दुसऱ्या प्रकरणात हाच त्रिकूट पुन्हा येतो. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने देव अमर्याद, अविकारी (न बदलणारा) आणि पूर्णपणे साधा, म्हणजे जोडकाम नसलेला, असं ठरवलं.

यातला ‘भाग’ हा शब्द फार जण नजरेआड करतात. तो नुसता हातपायांबद्दल नाही. जे भागांचं बनलेलं असतं त्याला जुळवणारा कोणी लागतो, आणि ते सुटंही होऊ शकतं. म्हणून देवत्वात भाग मानले की देवाच्या आधी आणखी काहीतरी होतं असं मानावं लागतं. शरीर नाकारण्यामागचं खरं कारण हे आहे. शरीर ‘हलकं’ किंवा ‘मलिन’ असतं म्हणून ते नाकारलेलं नाही. तसं असतं तर पुढचा तिसरा प्रश्न उद्भवलाच नसता.

दुसरा प्रश्न दर्शनांचा. यहेज्केल १:२६-२८ वाचताना लेखक किती हात राखून लिहितो ते बघा. सिंहासनासारखं काही, त्यावर माणसासारखं दिसणारं काही, आणि शेवटी ‘परमेश्वराच्या तेजाच्या प्रतिमेचं हे दर्शन’. तेजाच्या प्रतिमेचं दर्शन, म्हणजे तीन पायऱ्या अलीकडे थांबून तो बोलतोय. देव दर्शन देण्यासाठी एखादं रूप घेतो म्हणजे ते रूप त्याचा स्वभाव ठरत नाही.

तिसरा प्रश्न देहधारणाचा, म्हणजे देवाने येशूत माणूस होण्याचा. इथं मात्र उत्तर ठाम होय. पुत्राने मानवी शरीर घेतलं. हाडामांसाचं, भूक लागणारं, थकणारं. याला नुसतं दर्शन म्हणण्याचा प्रयत्न पहिल्याच शतकात झाला असावा, कारण १ योहान ४:२ मध्ये ‘देहाने आला’ हे कबूल करणं हीच परीक्षेची खूण ठरवलीय.

तर ‘देवाला शरीर आहे का’ या प्रश्नावर पहिला उलटप्रश्न : कोणत्या स्वभावाबद्दल विचारताय?

सागरगोटा

अवयवांच्या भाषेबद्दल थोडं, कारण मराठी वाचकाला ही भाषा इंग्रजी वाचकापेक्षा सोपी जायला हवी.

निर्गम ३४:६ मध्ये देव स्वतःची ओळख सांगतो. आपल्या बायबलमध्ये तिथला शब्द ‘मंदक्रोध’. मूळ हिब्रू ‘एरेख अप्पायीम’, शब्दशः लांब नाकाचा. हिब्रूत ‘अफ’ म्हणजे नाक आणि ‘अफ’ म्हणजेच राग. आपल्याकडे शीघ्रकोपी माणसाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. हिब्रूत नाक जितकं लांब तितका राग पोचायला उशीर. देवाला खरोखर लांब नाक आहे असं कोणत्याही यहुदी वाचकाला वाटलं नाही, जसं ‘नाकावर राग’ ऐकून आपण कोणाचं नाक तपासायला जात नाही.

यशया ५९:१ : तारण करता येऊ नये इतका परमेश्वराचा हात तोकडा नाही. मराठीत हात आखडतो, हिब्रूत हात तोकडा होतो. यिर्मया ३१:२० मध्ये एफ्राईमसाठी (इस्राएलासाठी) देवाच्या ‘मेईम’मध्ये कालवाकालव होते, म्हणजे आतड्यांत. आतडं तुटणं! इंग्रजीत याचं हृदय करावं लागतं, मराठीत करायची गरज नाही. दयेसाठी वापरला जाणारा ‘रहमीम’ हा शब्द ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय याच्याशी नातं सांगतो. आणि शुभवर्तमानात लोकसमुदाय पाहून येशूला कळवळा येतो (मत्तय ९:३६), तिथलं ग्रीक क्रियापदही आतड्यांवरूनच आलंय.

एक फरक सोडू नका. कळवळ्याचा तोच वाक्प्रचार यिर्मयात पित्याबद्दल असला तर आतडी नाहीत, माया आहे. येशूबद्दल असला तर माया आहे आणि आतडीही आहेत.

अवांतर : शाळेतल्या चेतनगुणोक्ती अलंकाराचं उदाहरण म्हणून काही जण हे देतात. ते चूक. चेतनगुणोक्तीत निर्जीवाला सजीव करतात. इथं जो सजीव आहेच त्याला मानवी अवयव दिलेत.

रानवारा

दोघांचंही वाचलं. पण हे जरा फारच नीटनेटकं होतंय. ‘अशरीरी, अविकारी देव’ हे ग्रीक तत्त्वज्ञानाचं देणं आहे, बायबलचं नाही, हा आक्षेप जुना आहे आणि त्यात दम आहे.

तर्तुलियन हा आरंभीच्या मंडळीतला लेखक काही पाखंडी नव्हता (निदान सुरुवातीला). त्याने प्राक्सियास या विरोधकाविरुद्ध लिहिताना सरळ विचारलं की देव आत्मा असला तरी तो शरीर आहे हे कोण नाकारील? धर्मशास्त्रज्ञ ऑरिजेनला तिसऱ्या शतकात आपल्या मुख्य ग्रंथाची सुरुवातच ‘देव अशरीरी आहे’ हे सिद्ध करण्यापासून करावी लागली. सगळ्यांना मान्य असतं तर सिद्ध कशाला करत बसला असता?

आणि इ. स. ३९९. आलेक्सांद्रियाचा बिशप थिओफिलस पास्खाच्या (ईस्टरच्या) पत्रात लिहितो की देवाला मानवी रूप नाही. इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी इतके खवळतात की थेट शहरात येऊन धडकतात, आणि बिशपला माघार घ्यावी लागते. संन्यासी लेखक कासियानने नोंदवलेला म्हातारा संन्यासी सेरापियोन तर पटवून घेतल्यावर प्रार्थनेला बसतो आणि रडू लागतो : माझा देव माझ्याकडून काढून घेतला, आता मी कोणाला धरू?

अक्षरवेल

@रानवारा, पुरावे खरे आहेत, निष्कर्षाशी असहमत.

तर्तुलियनचं आधी. तो स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञानपंथाच्या परिभाषेत विचार करतो. त्या परिभाषेत ‘शरीर’ म्हणजे जे काही खरोखर अस्तित्वात आहे ते. जे शरीर नाही ते काहीच नाही. आत्म्यालाही तो याच अर्थाने शरीर म्हणतो. हातपाय असलेला देव त्याला अभिप्रेत नाही. नंतरच्या शतकांत ‘शरीर’ शब्दाचा अर्थ आकुंचन पावला आणि त्याचं वाक्य विचित्र दिसू लागलं.

ग्रीक देणं म्हणाल तर अनुवाद ४:१२-१५ बघा. होरेबात तुम्ही आवाज ऐकलात, आकृती मुळीच पाहिली नाही, म्हणून मूर्ती करू नका. १ राजे ८:२७ मध्ये मंदिर बांधून झाल्यावर शलमोनच म्हणतो की स्वर्गांच्या स्वर्गातही तू मावत नाहीस, मग या घराची काय कथा. होशेय ११:९ : मी देव आहे, मनुष्य नव्हे. हे लिहिणाऱ्यांनी प्लेटो वाचलेला नव्हता. ग्रीकांनी परिभाषा दिली, हे मान्य. आणि परिभाषेबरोबर काही नको ते सामानही आलं, हेही मान्य.

यहुदी भाषांतरकारांनाही ही अडचण जाणवली होती. निर्गम २४:१० मध्ये मोशे, अहरोन, नादाब, अबीहू आणि ७० वडील इस्राएलाच्या देवाला पाहतात, त्याच्या पायाखाली नीलमण्यासारखी फरसबंदी. सप्तती, म्हणजे जुन्या ग्रीक भाषांतरात, त्यांनी ‘देव जिथे उभा होता ती जागा’ पाहिली असं केलंय. उत्पत्ती ६:६ मधला पस्तावाही तिथं गायब आहे. देवाने ‘विचार केला’ एवढंच. मला विचाराल तर ही भाषांतरं वाईट आहेत. मूळ लेखकाने जाणूनबुजून धाडसी शब्द वापरला, तो ठेवायला हवा होता.

३९९ च्या प्रकरणात थिओफिलसची माघार ही तत्त्वाची नव्हती, राजकारणाची होती. जमावाला शांत करताना तो म्हणाला की तुम्हाला पाहताना मला देवाचं मुख पाहिल्यासारखं वाटतं. मग त्याच हाताने त्याने ऑरिजेनच्या अनुयायी संन्याशांना हुसकावून लावलं. सेरापियोनची गोष्ट मात्र मलाही लागते. पण कासियान ती सांगतो ती धडा म्हणून : मनात चित्र धरून प्रार्थना करण्याची सवय लागली की चित्र गेल्यावर हात रिकामे वाटतात. कोणाला धरू याचं उत्तर ख्रिस्ताचं मानवपण हे आहे, पित्याची कल्पित आकृती नाही.

दवबिंदू

मग ‘देवाच्या प्रतिरूपात’ माणूस घडवला त्याचं काय? प्रतिरूप म्हटल्यावर चेहरामोहरा आलाच ना?

सागरगोटा

उत्पत्ती १:२६ मध्ये दोन शब्द आहेत, ‘सेलेम’ आणि ‘देमूत’. सेलेम हा मूर्तीसाठीही वापरतात, म्हणून शंका रास्त आहे. शिवाय ५:३ मध्ये आदामाला शेथ झाला तेव्हा हेच दोन शब्द आलेत, आणि बापलेकांत चेहऱ्याचं साम्य असतंच. शरीरवादी बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा. तो टाळून पुढे जाऊ नये.

उत्तर त्याच वाक्यात आहे. प्रतिरूपाच्या लगेच पुढे सत्ता येते : माशांवर, पाखरांवर, सगळ्या पृथ्वीवर. प्राचीन पूर्वेत राजा आपली मूर्ती दूरच्या प्रांतात उभी करायचा ती ‘मी असा दिसतो’ हे सांगायला नव्हे, ‘इथं माझी सत्ता आहे’ हे सांगायला. १:२७ मध्ये प्रतिरूप ‘नर व नारी’ आहे, म्हणजे एकच शरीराकृती नमुना म्हणून धरता येत नाही. धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनने प्रतिरूप बुद्धीत शोधलं, अलीकडचे अभ्यासक बहुधा प्रतिनिधित्वात किंवा नात्यात शोधतात. कलस्सै १:१५ मध्ये ख्रिस्त ‘अदृश्य देवाचं प्रतिरूप’ आहे. अदृश्याचं प्रतिरूप म्हटल्यावर चेहऱ्याच्या साम्याचा प्रश्नच मिटतो.

ऑगस्टीनवरून आठवलं. मानी या प्रतिस्पर्धी पंथाचे लोक नेमकं हेच विचारून कॅथलिकांना खिजवायचे : तुमच्या देवाला केस आणि नखं आहेत का? त्याला उत्तर सापडायला बरीच वर्षं लागली, हे त्याने स्वतःच नोंदवलंय.

कंदील

आता भावनांकडे येतो, धाग्याचा अवघड अर्धा भाग हाच.

वर अक्षरवेलने ‘विकार’ शब्द वापरला तो योग्य आहे. मराठीत विकार म्हणजे बदल आणि विकार म्हणजे मनोविकार. मूळ ग्रीक ‘पाथोस’मध्ये हेच दोन्ही आहेत : बाहेरून काहीतरी येऊन आदळतं आणि आपण हलतो. देव निर्विकार आहे याचा अर्थ त्याला कोणी बाहेरून ढकलून हलवू शकत नाही. त्याला कशाचं काहीच वाटत नाही, असा अर्थ नाही. सगळा गोंधळ या दोन अर्थांची अदलाबदल केल्यामुळे होतो.

मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्विनसने हे फार बारकाईने सोडवलंय. भावनेला दोन अंगं असतात. रागाचं शारीरिक अंग म्हणजे, त्याच्या काळच्या समजुतीप्रमाणे, हृदयाभोवती रक्त उसळणं. आतलं अंग म्हणजे अन्यायाची भरपाई व्हावी ही इच्छा. देवाला शरीर नाही म्हणून पहिलं अंग कुठल्याच भावनेत नाही. मग तो एकेका भावनेचं दुसरं अंग तपासतो. दुःखाच्या आतल्या अंगातच उणीव आहे, कारण आपल्यावर ओढवलेलं वाईट हेच दुःखाचं कारण. राग दुःखावर उभा असतो, म्हणून तोही त्याच रांगेत. प्रेम आणि आनंद यांच्या आतल्या अंगात उणीव नाही. चांगल्याची इच्छा करणं, चांगल्यात रमणं. म्हणून त्याचा निकाल असा : देवाबद्दल ‘प्रेम’ आणि ‘आनंद’ हे शब्द खऱ्या अर्थाने, ‘राग’ आणि ‘दुःख’ हे रूपकाने. राग म्हटलं की परिणाम ध्यानात घ्यायचा, शिक्षा. ऑगस्टीननेही देवाचा राग म्हणजे मनाची खळबळ नव्हे, पापाला दंड देणारा न्याय, असंच म्हटलंय.

आता १ शमुवेल १५. चालू उपाय असा असतो की वचन २९ खरं, ११ आणि ३५ नुसती बोलण्याची पद्धत. हे चालत नाही. ३५ वं वचन निवेदकाचं स्वतःचं आहे. त्याला ‘पस्तावा’ खटकला असता तर सहा वचनं आधी ‘देव पस्तावत नाही’ असं लिहून पुन्हा तोच शब्द त्याने वापरला नसता. किल्ली यिर्मया १८:७-१० मध्ये आहे. मी एखाद्या राष्ट्राचा नाश बोललो आणि ते वळलं, तर मी बेत बदलतो. बरं करायचं बोललो आणि ते बिघडलं, तरीही बदलतो. म्हणजे नियम कायम, समोरचा माणूस वळला की नियमाची दुसरी बाजू लागू होते. योना ३:१० हे त्याचं उदाहरण. वचन २९ मध्ये नाकारलंय ते माणसासारखं लहरीने किंवा गयावया करून निर्णय फिरवणं. शौल झग्याचा काठ धरून तेच करत होता.

रानवारा

अक्विनसचा हिशोब सुबक आहे, पण या हिशोबात होशेय ११:८ बसवून दाखवा. ‘एफ्राइमा, मी तुला कसा सोडू?’ हा शिक्षेचा परिणाम नाही, शिक्षा थांबवणारी आतली उलघाल आहे. ख्रिस्ती लेखक लॅक्टान्शियसने चौथ्या शतकाच्या आरंभी देवाच्या रागावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा युक्तिवाद सोपा : ज्याला वाईटाचा राग येत नाही त्याला चांगल्याचं प्रेमही नाही. तुम्ही प्रेम ठेवलंत आणि राग रूपकात टाकलात, हे अर्धं तत्त्व झालं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून तर धर्मशास्त्रज्ञांचा मोठा गट उलट बाजूला गेला. जपानमध्ये कितामोरीने १९४६ मध्ये देवाच्या वेदनेचं धर्मशास्त्र मांडलं. बोनहोफरने १९४४ मध्ये तुरुंगातून लिहिलं की सोसणारा देवच मदत करू शकतो. मोल्टमानने १९७२ मध्ये वधस्तंभ थेट त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) आत नेला : पुत्र मरण सोसतो, पिता पुत्राचं मरण सोसतो. आणि मेथडिस्टांच्या २५ कलमांत पहिल्या कलमात ‘शरीर किंवा भाग यांवाचून’ एवढंच आहे. ‘विकार’ हा शब्द तिथं नाही!

कंदील

मेथडिस्ट कलमाचा मुद्दा अचूक. लॅक्टान्शियसचाही मान्य, अक्विनसच्या चौकटीत राग जरा जास्तच पातळ होतो हे मलाही वाटतं. वाईटाला ठाम विरोध हे पवित्र प्रेमाचंच दुसरं टोक आहे, असं म्हटलं तर उणीव न आणता राग ठेवता येतो.

होशेयबद्दल : पुढचं वचन सोडू नका. उलघालीनंतर कारण दिलंय, ‘कारण मी देव आहे, मनुष्य नव्हे’. माणूस असता तर रागाने माया गिळली असती. इथं माया टिकते, आणि ती टिकण्याचं कारण देवाचं अविकारीपण आहे. मलाखी ३:६ तेच म्हणतं : मी बदलत नाही, म्हणून तुम्ही नष्ट झाला नाही. अविकारीपण हा मायेचा आधार आहे, तिच्याविरुद्धचा पुरावा नाही.

यशया ६३:९ कोणी पुढे करण्याआधीच सांगतो. ‘त्यांच्या सर्व दुःखात तो दुःखी झाला’ हे वाचन एका अक्षरावर टेकलंय. हिब्रू हस्तलिखितात लिहिलेला शब्द ‘लो’ म्हणजे ‘नाही’, आणि वाचताना घ्यायचा म्हणून समासात दिलेला ‘लो’ म्हणजे ‘त्याला’. उच्चार तोच, अक्षर वेगळं. सप्ततीने तर पूर्ण वेगळं वाचलंय. एवढ्या डळमळीत वचनावर सिद्धांत उभारू नये, कोणत्याही बाजूने.

मोल्टमानशी माझा मतभेद वेगळ्या जागी आहे. पाचव्या-सहाव्या शतकातल्या मंडळीला ‘देवाने सोसलं’ म्हणायची भीती नव्हती. तिने फक्त ते कुठल्या नियमाने म्हणायचं ते ठरवलं. जे गुण स्वभावाचे असतात ते व्यक्तीबद्दल बोलता येतात, पण एका स्वभावाचे गुण दुसऱ्या स्वभावाला चिकटवता येत नाहीत. वाक्यं तपासून बघा.

‘देव रडला.’ पुत्राबद्दल असेल तर बरोबर. लाजराच्या कबरेपाशी रडणारी व्यक्ती देवच आहे (योहान ११:३५), रडणं मानवी स्वभावातून.

‘देवत्व रडलं.’ चूक.

‘मरिया देवमाता.’ बरोबर, इफिस परिषद ४३१. तिने देवत्वाला जन्म दिला नाही, पण जिला जन्म दिला ती व्यक्ती देव आहे.

‘पिता वधस्तंभावर मेला.’ चूक. तर्तुलियनने प्राक्सियासला झोडपलं ते याच वाक्यासाठी.

‘येशूतला माणूस मेला, देव बाजूला होता.’ हेही चूक, आणि आज सर्वांत जास्त ऐकू येतं ते हेच. यात दोन व्यक्ती होतात.

‘त्रैक्यातल्या एकाने देहात सोसलं.’ बरोबर. कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या परिषदेने (५५३) हे न मानणाऱ्यालाच दोषी ठरवलं.

आलेक्सांद्रियाच्या किरिलचा दृष्टांत तापलेल्या लोखंडाचा आहे. घण मारला की घाव लोखंड घेतं, त्यात भिनलेल्या आगीला इजा होत नाही. पण आग आणि लोखंड तिथं एकच होऊन तापलेलं असतं. दृष्टांत आहे, फार ताणू नये.

दवबिंदू

पुनरुत्थानानंतर ते शरीर कुठं गेलं? स्वर्गारोहणाच्या वेळी टाकून दिलं असं बरेच जण धरून चालतात. आणि पित्याला शरीर नाही तर त्याचा ‘उजवा हात’ कसला?

अक्षरवेल

टाकून दिलेलं नाही. पुनरुत्थित येशू भाजलेला मासा खातो (लूक २४:४२-४३), आणि प्रेषितांची कृत्ये १:११ म्हणतं की तो जसा गेला तसाच येईल. देहधारण हा तात्पुरता वेश नव्हे. घातला आणि काढला असं धरलं की रूप दाखवून निघून जाणाऱ्या दर्शनात आणि त्यात फरक उरत नाही. म्हणजे आज, या क्षणीही, त्रैक्यातल्या एका व्यक्तीला मानवी शरीर आहे. ते बदललेलं आणि अमर आहे, पण शरीरच आहे.

उजवा हात म्हणजे जागा नव्हे, मान आणि अधिकार. दमास्कसच्या योहानाने आठव्या शतकात तसं स्पष्ट लिहिलंय. पण या एका शब्दावरून सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट दुभंगले. १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे धर्मसुधारणेचे दोन नेते समोरासमोर बसले. झ्विंग्लीचं म्हणणं, शरीर स्वर्गात आहे तर ते प्रभुभोजनाच्या भाकरीत असणार नाही. ल्यूथरचं म्हणणं, देवाचा उजवा हात सर्वत्र आहे, म्हणून ख्रिस्ताचं शरीरही सर्वत्र असू शकतं. हायडलबर्ग प्रश्नोत्तरीने (१५६३) ४७ आणि ४८ व्या प्रश्नांत सुधारित, म्हणजे झ्विंग्लीकडची, बाजू मांडली : मानवी स्वभावाने तो आता पृथ्वीवर नाही, देवत्वाने कधीच दूर नाही. शरीर म्हटलं की मर्यादा आलीच, हे तत्त्व दोघांपैकी एकानेच इथवर नेलं.

पिंपळपान

आणखी दोन गोष्टी राहिल्या. पित्याला शरीर आहे असं उघड मानणारा पंथ आहे का? आणि पांढऱ्या दाढीच्या पित्याची चित्रं चर्चमध्ये कशी चालतात?

कंदील

आहे. मॉर्मन, म्हणजे उत्तर-दिवस संत. त्यांच्या ‘सिद्धांत व करार’ या ग्रंथाच्या १३० व्या भागात (१८४३) पित्याला माणसासारखंच स्पर्श करता येईल असं हाडामांसाचं शरीर आहे, पुत्रालाही आहे, पवित्र आत्म्याला नाही, असं म्हटलंय. इतर मंडळ्यांशी त्यांचा फरक तपशिलाचा नाही, पायाचा आहे. २००१ मध्ये कॅथलिक चर्चने त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असा निर्णय दिला. शब्द तेच, पण ‘पिता, पुत्र, आत्मा’ यांचा अर्थ वेगळा, हे त्यामागचं मुख्य कारण.

चित्रांचं थोडक्यात. निकियाच्या दुसऱ्या परिषदेने (७८७) ख्रिस्ताची चित्रं मान्य केली ती तो खरोखर दिसला म्हणून. पित्याला हे कारण लागू नाही. ते म्हातारं रूप दानिएल ७:९ मधल्या पुराणपुरुषाचं; तिथं पांढरं वस्त्र आणि लोकरीसारखे केस आहेत, दाढीचा उल्लेख नाही. मॉस्कोच्या १६६६-६७ च्या महापरिषदेने पित्याचं चित्रण निषिद्ध केलं, तर पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४५ मध्ये दानिएलाच्या दर्शनातलं रूप चालेल असं ठरवलं. मायकेलअँजेलोने रंगवलेल्या सिस्टीन चॅपेलच्या छतावरचं (१५०८-१२) ते म्हातारं जगभर इतकं छापलं गेलंय की आता बहुतेकांच्या डोक्यातला ‘पिता’ तोच आहे. सेरापियोनचीच गत.

सागरगोटा

वाचणाऱ्यासाठी कामाची पद्धत लिहून ठेवतो. कुठलंही वचन समोर आलं की आधी बोलणारा कोण ते बघा. स्तोत्र १२१:४ म्हणतं तो झोपत नाही, ४४:२३ म्हणतं ‘जागा हो, का झोपलास?’ दुसरं वाक्य संकटातल्या माणसाची आरोळी आहे, देवाचं वर्णन नाही. आरोळीला व्याख्येसारखं वाचणं ही सर्वांत नेहमीची चूक.

मग त्याच प्रकारची बाकी वचनं जवळ ठेवा. हात खरा मानला तर स्तोत्र ९१:४ मधले पंखही खरे मानावे लागतील. कोणी मानत नाही. म्हणजे निवड आधीच झालेली असते, फक्त कबूल केलेली नसते.

मग अवयवाचं काम शोधा : डोळा जाणणं, हात करणं, मुख सान्निध्य, पाठ म्हणजे निघून गेल्यावर उरलेली खूण. पण रूपक सोडवल्यावर विधान फेकून देऊ नका. यशया ४९:१५ मध्ये देव तान्ह्या बाळाच्या आईशी स्वतःची तुलना करतो आणि म्हणतो, ती विसरली तरी मी विसरणार नाही. इथं ‘देव आई नाही, हे रूपक आहे’ एवढं म्हणून थांबलात तर वाक्याचा अर्थ उलटा झाला. रूपक सांगतं त्यापेक्षा खरी गोष्ट जास्त आहे, कमी नाही. धर्मसुधारक कॅल्विन दाईचा दाखला देतो : लहान मुलाशी बोलताना ती बोबडं बोलते तसा देव आपल्याशी बोलतो. बोबडं बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

शेवटी, वचन येशूबद्दल असेल तर ही सगळी पद्धत बाजूला ठेवा. तिथं हात म्हणजे हात. मार्क ३:५ मधला राग आणि खेद हे खऱ्या मानवी मनातले. त्याला मानवी मन नव्हतं असं शिकवणाऱ्या अपोलिनारियसची शिकवण ३८१ मध्ये नाकारली गेली.

रानवारा

पद्धत पटली. एक भाषेची शंका. उत्पत्ती ६:६ ला ‘अनुताप’, इतरत्र ‘पस्तावा’. पस्तावा म्हटलं की चूक केल्याची कबुली येते. हिब्रू शब्दात ती आहे का?

सागरगोटा

नाही, आणि म्हणूनच ‘अनुताप’ जरा बरा. धातू ‘नाहम’. एका रूपात त्याचा अर्थ खंत वाटणं, मन पालटणं; दुसऱ्या रूपात सांत्वन करणं. यशया ४०:१ मधलं ‘सांत्वन करा, सांत्वन करा’ हे याच धातूचं. पापाबद्दल माणसाने वळायचं असतं तिथं हिब्रूत बहुधा वेगळा धातू येतो, ‘शूव’, परत फिरणं. देवाबद्दलच्या ‘नाहम’मध्ये अपराधाची कबुली गृहीत नाही.

उत्पत्तीच्या लेखकाने तर हा शब्द मुद्दाम पेरलाय. ५:२९ मध्ये लामेख मुलाचं नाव नोहा ठेवतो आणि म्हणतो, हा आमचं सांत्वन करील, धातू ‘नाहम’. पुढे ६:६ मध्ये परमेश्वराला अनुताप होतो, धातू तोच. दोन्हींच्या मध्ये जेमतेम आठ वचनं आहेत. मराठीत ‘सांत्वन’ आणि ‘अनुताप’ असे दोन शब्द आले की ही गाठ सुटून जाते, आणि त्यावर मला तरी अजून चांगला एकच शब्द सापडलेला नाही.